डिस्ट्रिक्टमधल्या प्रत्येक शाळेत पीटीओ (पालक-शिक्षक संघटना) उभी करायची आहे: अनुभव आणि सल्ला हवा

सोनटक्का

नमस्कार मंडळी. मी सेंट्रल न्यू जर्सीत राहते. आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे एका शाळा मंडळाखाली, ९ शाळा आहेत: ६ एलिमेंटरी, २ मिडल आणि १ हायस्कूल. मुलगी चौथीत आहे, मुलगा किंडरगार्टनला. दोन वर्षांपूर्वी डिस्ट्रिक्टने शाळांच्या हद्दी नव्याने आखल्या आणि आमची गल्ली पलीकडच्या शाळेत गेली. गाडीने सात मिनिटांचं अंतर. पण जुन्या शाळेत पीटीओ होती आणि नव्या शाळेत नाही. एवढ्या एका गोष्टीने किती फरक पडतो, ते तेव्हापासून रोज बघते आहे.

जुन्या शाळेत बॅक टू स्कूल नाइटला (वर्षाच्या सुरुवातीला पालक शाळा बघायला येतात ती संध्याकाळ) दारातच पीटीओचं टेबल असायचं. आम्ही नवीन होतो तेव्हा तिथल्याच एका आईने नाव विचारून आम्हाला वर्गापर्यंत सोडलं होतं. वर्षभरात लेखक यायचे, फिरतं तारांगण यायचं, पाचवीच्या मुलांना निरोपाची सहल असायची. प्रत्येक वर्गशिक्षिकेला वर्गखर्चासाठी १५० डॉलर मिळायचे, पावती दिली की काम झालं. नव्या शाळेत मुलाची टीचर ग्लू स्टिक आणि टिश्यूचे डबे पदरमोड करून आणते. मी तिला म्हटलं, कुणाकडे मागत का नाही? ती म्हणाली, "मागायला इथे कुणी नाहीच." तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे.

चौकशी केली तेव्हा कळलं, की ९ पैकी ५ शाळांत पीटीओ आहेत आणि ४ शाळांत नाहीत. पाचपैकी एकीचा करमाफीचा दर्जा गेलेला आहे आणि तिथल्या पालकांना त्याचा पत्ताही नव्हता. ज्या चार शाळांत संघटना नाही, त्यातल्या दोन टायटल वन शाळा आहेत, म्हणजे कमी उत्पन्नाची घरं जास्त म्हणून केंद्र सरकारचा जादा निधी मिळणाऱ्या. तिथे स्पॅनिश बोलणारी कुटुंबं आहेत, गुजराती आणि तेलुगू बोलणारीही बरीच आहेत.

आम्ही सहा पालक आणि दोन शिक्षिका मिळून ठरवलं आहे, की पुढच्या सप्टेंबरपर्यंत चारही ठिकाणी रीतसर ना-नफा संस्था उभी राहिली पाहिजे. कुणी हे केलं आहे का? प्रत्येक शाळेची वेगळी संस्था करावी, की सगळ्या डिस्ट्रिक्टची मिळून एकच? पैशांची घडी कशी बसवावी? आणि ज्या पालकांना शाळेत यायचाच संकोच वाटतो, त्यांना आणायचं कसं? शेवटचा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात मोठा आहे.

करवंद

धागा वाचते आहे, आमच्याकडेही हेच चाललंय. आधी एक बेसिक प्रश्न: पीटीए आणि पीटीओ एकच ना?

पाटीपेन्सिल

नाही. पीटीए म्हणजे राष्ट्रीय संघटनेची शाखा. सभासद वर्गणीतला ठरावीक हिस्सा राज्याला आणि राष्ट्रीय कार्यालयाला जातो, नियमावलीचा साचा वरून येतो, त्याबदल्यात प्रशिक्षण आणि संघटनेचा आवाज मिळतो. पीटीओ स्वतंत्र असते. पैसा सगळा शाळेत राहतो, पण कागदपत्रांपासून विम्यापर्यंत सगळं आपलं आपण बघायचं.

सोनटक्का, मी व्यवसायाने अकाउंटंट आहे आणि न्यू जर्सीतच दोन पीटीओंचा खजिनदार होतो. कागदांचं आधी सांगतो, कारण लोक त्यालाच घाबरतात आणि खरं तर तेच सगळ्यात सोपं आहे.

पहिलं काम राज्याकडे सर्टिफिकेट ऑफ इन्कॉर्पोरेशन दाखल करणं. ना-नफा संस्थेला न्यू जर्सीत ७५ डॉलर फी आहे आणि किमान ३ ट्रस्टी लागतात. ते तिघे एकाच घरातले नकोत. या अर्जात दोन कलमं नीट लिहा: संस्थेचा हेतू शैक्षणिक आणि धर्मादाय आहे हे एक; आणि संस्था बंद झाली तर उरलेला पैसा शाळेला किंवा दुसऱ्या करमुक्त धर्मादाय संस्थेला जाईल हे दुसरं. दुसरं कलम घाईत राहून जातं आणि पुढे सगळं त्यावर अडतं.

हे झाल्यावर आयआरएसकडून (अमेरिकेचं कर खातं) ईआयएन, म्हणजे संस्थेचा कर-क्रमांक, घ्यायचा. तो फुकट असतो, ऑनलाइन दहा मिनिटांत मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइट आहेत, तिकडे जाऊ नका. शाळेचा किंवा डिस्ट्रिक्टचा ईआयएन वापरू नका, आणि कुणाच्याही सोशल सिक्युरिटी नंबरवर बँक खातं उघडू नका.

मग ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय दर्जासाठी अर्ज. पुढची तीन वर्षं दरवर्षीची जमा ५०,००० डॉलरच्या आत राहील आणि मालमत्ता २,५०,००० च्या आत असेल, तर छोटा फॉर्म १०२३-ईझेड चालतो. फी २७५ डॉलर. मोठ्या १०२३ ची फी ६०० आणि पानं भरपूर. स्थापनेपासून २७ महिन्यांच्या आत अर्ज केला तर सूट स्थापनेच्या दिवसापासून धरली जाते. जमा वर्षाला साधारण ५,००० डॉलरच्या वर जाणार नसेल तर अर्जाविनाही धर्मादाय दर्जा धरता येतो. पण कंपन्यांची मॅचिंग देणगी (कर्मचाऱ्याच्या देणगीला कंपनीने घातलेली जोड) हवी असेल तर आयआरएसचं मंजुरीचं पत्र हातात लागतंच, आणि आपल्याकडचे निम्मे पालक मॅचिंग देणाऱ्या कंपन्यांत आहेत.

पत्र आलं की राज्याकडे सेल्स टॅक्सच्या सूटीसाठी आरईजी-१ई हा फॉर्म भरा. नंतर खरेदीच्या वेळी एसटी-५ हे सूटीचं प्रमाणपत्र दाखवलं की कर लागत नाही.

ज्या पीटीओचा दर्जा गेला, त्यांनी सलग तीन वर्षं ९९०-एन भरला नसणार. हा दरवर्षी आयआरएसकडे भरायचा अगदी छोटा ऑनलाइन फॉर्म आहे, आठ प्रश्न. ५०,००० पर्यंत जमा असलेल्या संस्थांसाठी. वर्ष ३० जूनला संपत असेल तर मुदत १५ नोव्हेंबर. तीनदा चुकलं की दर्जा आपोआप जातो, कुणी दार ठोठावायला येत नाही. २००६ च्या कायद्याने हा नियम आला आणि २०११ मध्ये पहिल्यांदा यादी लागली तेव्हा सुमारे २,७५,००० संस्था त्यात होत्या. दर्जा जाऊन १५ महिने झाले नसतील तर सोप्या वाटेने परत मिळतो. त्यामुळे त्या पालकांना आजच फोन करा.

सोनटक्का

पाटीपेन्सिल, मनापासून धन्यवाद. त्या शाळेच्या अध्यक्षांना रात्रीच फोन केला. पत्रं जुन्या खजिनदाराच्या घरी जात होती आणि ते कुटुंब तीन वर्षांपूर्वी टेक्सासला गेलं. अजून ११ महिनेच झाले आहेत, म्हणजे मुदतीत आहेत.

घाटवाट

पत्ता! हा मुद्दा ठळक अक्षरात लिहून ठेवा. संस्थेचा पत्ता शाळेचाच द्यावा, मुख्याध्यापकांच्या परवानगीने. ईमेलही पदाच्या नावाचा असावा, माणसाच्या नावाचा नको.

पैशांबद्दल आमच्याकडे घडलेलं सांगतो. एका शाळेत (नाव देत नाही) खजिनदार बाई एकट्या खातं बघत. स्वभाव गोड, कामाला वाघ, सगळ्यांचा विश्वास. कार्यक्रमाचे पैसे त्यांच्या खासगी व्हेन्मोवर (फोनवरून पैसे पाठवायचं ॲप) यायचे, "नंतर टाकते" म्हणून. वर्षाच्या शेवटी ४,००० डॉलरच्या वर हिशेब लागेना. चोरी होती की गोंधळ, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी घरातून पैसे भरले आणि त्या पुन्हा शाळेच्या आवारात दिसल्या नाहीत. त्यांची मुलगी माझ्या मुलाच्या वर्गात होती. एका चांगल्या माणसाला त्या जागी एकटं बसवलं, ही चूक आम्हा सगळ्यांची होती असं मी आजही मानतो.

त्यानंतर आम्ही घडी बसवली. चेकवर दोन सह्या, आणि त्या दोघांचं नातं नको. बँकेचं स्टेटमेंट दर महिन्याला सही नसलेल्या तिसऱ्या माणसाने आधी उघडायचं. रोख पैसा दोघांनी मोजायचा, तिथेच, कार्यक्रम संपल्या संपल्या.

ट्रिकी ट्रेच्या रात्री हे कसं असतं ते सांगतो. जिममध्ये सेलोफेनमध्ये गुंडाळलेल्या टोपल्यांच्या रांगा, प्रत्येकीपुढे कागदी पिशवी, लोक त्यात नंबरची तिकिटं टाकत फिरतात, मग सोडत. साडेदहाला पांगापांग होते, खुर्च्या उचलल्या जातात, सगळे पेंगुळलेले असतात. अशा वेळी कॅफेटेरियाच्या एका कोपऱ्यात दोघं समोरासमोर बसतात. एक जण एक डॉलरच्या नोटा पंचवीसच्या गड्ड्यांत लावतो, दुसरा पुन्हा मोजतो, आकडा छापील कागदावर लिहितात, दोघं सही करतात, पिशवी बंद करून बँकेच्या रात्रीच्या पेटीत. वीस मिनिटं लागतात. घरी नेऊन सकाळी मोजू म्हणणाऱ्याला प्रेमाने पण ठाम नाही म्हणायचं.

पाटीपेन्सिल

घाटवाट, शंभर टक्के. त्याला एक जोड: न्यू जर्सीत ट्रिकी ट्रे किंवा फिफ्टी-फिफ्टी सोडत म्हणजे कायद्याने रॅफल. राज्याच्या गेम्स ऑफ चान्स कमिशनकडे नोंदणी लागते आणि मग म्युनिसिपल क्लार्ककडून प्रत्येक कार्यक्रमाचं लायसन्स. एप्रिलच्या कार्यक्रमाची तयारी हिवाळ्यातच सुरू करा.

आणखी एक सापळा आहे. पाचवीच्या सहलीसाठी मुलांनी पॉपकॉर्न विकलं आणि ज्याने जितकं विकलं तितकी त्याची सहल स्वस्त, असं बऱ्याच ठिकाणी करतात. हे करू नका. पैसा सगळ्या मुलांसाठी पाहिजे. व्हर्जिनियातल्या एका जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लबची (खेळासाठी निधी जमवणारी पालकांची संस्था) करातली सूट नेमकी याच कारणाने काढली गेली आणि २०१३ मध्ये टॅक्स कोर्टाने ते उचलून धरलं. शिवाय माणूस म्हणून विचार करा: ज्या मुलाचे आईवडील दोन-दोन शिफ्ट करतात, त्याच्यासाठी ऑफिसात पॉपकॉर्न कोण विकणार?

दुपारचीशाळा

पीटीएचा विषय निघालाच आहे तर थोडा इतिहास, कारण तो मला फार जवळचा वाटतो. ॲलिस मॅक्लेलन बर्नी आणि फीबी ॲपर्सन हर्स्ट या दोघींनी १८९७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये मातांची राष्ट्रीय परिषद भरवली. त्या काळी अमेरिकेत स्त्रियांना देशपातळीवर मताधिकार नव्हता. ज्यांच्या हातात मत नाही अशा बाया मुलांच्या प्रश्नांवर एकत्र आल्या. बालमजुरीविरुद्धचे कायदे, शाळेतलं जेवण, आरोग्य तपासणी यांच्यामागे त्या होत्या. १९५४ च्या पोलिओवरच्या साल्क लशीच्या मोठ्या चाचणीतही पीटीएच्या स्वयंसेवकांनी काम केलं.

दक्षिणेत शाळा वर्णानुसार वेगळ्या होत्या आणि काळ्या पालकांना त्या संघटनेत जागा नव्हती. मग जॉर्जियातल्या सेलेना स्लोन बटलर यांनी १९२६ मध्ये त्यांची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना उभारली. दोन्ही संघटना एक व्हायला १९७० साल उजाडलं.

सोनटक्का, तुमच्या शेवटच्या प्रश्नापाशी मला हे आठवलं. आजही खोलीत कोण आहे आणि कोण नाही, हे आधी बघावं लागतं.

भरतकाम

कॅलिफोर्नियातल्या बे एरियातून लिहिते आहे. तुम्ही वेगळी की एकच विचारलंत, त्यावर माझं मत एकच संस्था असं आहे, आणि त्याचं कारण पैसा.

कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने मालमत्ता कराला वेसण घातली. शाळांचा निधी आटला आणि पालकांच्या फाउंडेशनांनी ती पोकळी भरायला सुरुवात केली. ज्या वस्तीत पैसा, तिथे संगीत शिक्षक, लायब्ररियन, विज्ञानाची लॅब. दोन मैलांवर काहीच नाही. २०१७ मध्ये एका अभ्यासगटाचा अहवाल आला होता: देशातले पालकसंघ मिळून वर्षाला अंदाजे ४२.५ कोटी डॉलर जमवतात आणि त्यातला दहावा हिस्सा ज्या शाळांकडे जातो, तिथे देशातल्या दर हजार मुलांमागे एकच मूल शिकतं.

सांता मोनिका-मालिबू डिस्ट्रिक्टने २०११ मध्ये ठरवलं, की स्टाफच्या पगारासाठीचा पैसा शाळा-शाळांनी वेगळा जमवायचा नाही, एका फाउंडेशनने जमवून सगळ्यांना वाटायचा. पोर्टलंडमध्ये कित्येक वर्षं असा नियम होता, की शिक्षक नेमण्यासाठी जमवलेल्या पैशातले पहिले १०,००० शाळेने ठेवायचे आणि त्यापुढचा साधारण तिसरा हिस्सा सामायिक निधीत द्यायचा. तुम्ही नव्याने उभारताय, तर ही वाटणी पहिल्याच दिवशी लिहून टाका. नंतर कुणी मानत नाही.

पाटीपेन्सिल

भरतकाम, हेतू पटतो, वाट पटत नाही. एकच संस्था केली तर ९ शाळांची जमा एकत्र धरली जाईल. ती ५०,००० च्या वर जाणारच. मग आठ प्रश्नांचा फॉर्म संपला, ९९०-ईझेड आला, आणि दोन लाखांच्या वर गेलात तर पूर्ण ९९०. एका शाळेच्या खजिनदाराने घोळ घातला तर नऊच्या नऊ अडकतात. खर्चाचं म्हणाल तर एका शाळेचे ७५ अधिक २७५, म्हणजे ३५०. चार शाळांचे १,४०० डॉलर. ही रक्कम अडसर नाही.

माझा अनुभव असा, की पालक "आपल्या शाळेसाठी" उठून येतात. डिस्ट्रिक्टसाठी या म्हटलं तर कुणी येत नाही.

भरतकाम

पण मग "आपली" शाळा म्हणजे काय, हाच तर प्रश्न आहे ना? सोनटक्कांची शाळा डिस्ट्रिक्टने नकाशावर एक रेघ ओढून बदलली. त्यांच्या मुलाने काय केलं होतं?

मान्य, कागद वेगळे ठेवा. पण वाटणीचं काहीतरी लिहाच.

तुळशीबाग

पुण्याहून. विषय तिकडचा आहे, पण तुलना म्हणून सांगते. महाराष्ट्रात पालक-शिक्षक संघ हा कायद्याचाच भाग आहे. शुल्क विनियमनाच्या २०११ च्या अधिनियमाप्रमाणे वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत संघ स्थापन व्हायला हवा, प्रत्येक पालक त्याचा सभासद, आणि कार्यकारी समितीतले पालक सोडत काढून घेतात. अध्यक्ष मुख्याध्यापक. मुख्य काम फी ठरवताना पालकांचं म्हणणं मांडणं. सरकारी आणि अनुदानित शाळांत २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातली शाळा व्यवस्थापन समिती असते, त्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला.

सोडतीमुळे माझ्यासारखी, जी कधी हात वर करणार नाही, ती समितीत आली. पहिल्या बैठकीला मी एक शब्द बोलले नाही. तिसऱ्या बैठकीत बसच्या फीवर बोलले आणि मग थांबलेच नाही. तुमच्याकडे निवडणूक असते असं दिसतं. सोडत जमत नसेल तर निदान काही जागा तरी अशा ठेवा, की ज्यासाठी कुणाला स्वतःहून उभं राहावं लागणार नाही, कुणीतरी घरी येऊन विचारेल.

सोनटक्का

तुळशीबाग, तुमचा प्रतिसाद मी आमच्या गटात मोठ्याने वाचून दाखवला, इंग्रजीत करून. त्यावरून आम्ही आमची पद्धत बदलली.

काय झालं ते सविस्तर लिहिते. नोव्हेंबरमध्ये नव्या शाळेत पहिली बैठक ठेवली. संध्याकाळी सात, मीडिया सेंटर (शाळेची लायब्ररी), ईमेलवर निमंत्रण, इंग्रजीत. तिघं आले. तिसऱ्या एक आजी होत्या, नातवाला घेऊन. त्या मागच्या लहान मुलांच्या खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. मी अर्धा तास स्लाइड दाखवल्या. संपल्यावर त्यांच्या नातवाने, वय वर्षं आठ, मला विचारलं: "माय ग्रँडमा वॉन्ट्स टु नो, इज ही इन ट्रबल?" शाळेतून निरोप आला म्हणजे मुलाने काही केलं असणार, एवढंच त्यांना कळलं होतं. दिवसभर काम करून त्या पोटात गोळा घेऊन आल्या होत्या आणि आम्ही त्यांना नियमावली दाखवत होतो. त्या रात्री मी गाडीत बसून रडले.

त्यानंतर आम्ही ईमेल सोडलं. दुपारी तीनला शाळा सुटते तेव्हा न्यायला आलेल्या लोकांशी रांगेत उभं राहून बोलायचं, ज्याच्या त्याच्या भाषेत. मला मराठी, हिंदी, आणि गुजराती मोडकंतोडकं. स्पॅनिशसाठी शाळेतल्या लंच एड बाई (जेवणाच्या सुट्टीत मुलांकडे बघणाऱ्या) पुढे आल्या. वेळ शनिवारी सकाळी दहा केली, मुलांना जिममध्ये खेळायला सोय, त्यांच्यावर लक्ष ठेवायला हायस्कूलची मुलं. जानेवारीत ३१ जण आले.

दुपारचीशाळा

वाचून गलबलून आलं.

दुभाषांचा खर्च तुम्ही खिशातून करू नका. टायटल वनचा ५ लाख डॉलरपेक्षा जास्त निधी मिळणाऱ्या डिस्ट्रिक्टला त्यातला किमान १ टक्का पालक-सहभागासाठी राखून ठेवावा लागतो, आणि त्या रकमेतला किमान ९० टक्के भाग शाळांकडे जावा लागतो. तो कसा खर्च व्हावा, हे ठरवताना पालकांना विचारणंही बंधनकारक आहे. भाषांतर आणि दुभाषे त्यात बसतात. मी शाळेत काम करते, हा पैसा वर्षाअखेरीस घाईघाईने कशावर तरी उडवताना पाहिला आहे. टायटल वनच्या समन्वयकांना लेखी विचारा.

करवंद

आमच्याकडे एक वेगळीच अडचण आली. शाळा मंडळाच्या निवडणुकीत उभ्या असलेल्या एका बाई आमच्या पीटीओच्या उपाध्यक्षाही आहेत. त्या म्हणतात, पीटीओच्या ईमेल यादीवर माझं पत्रक पाठवा. सगळ्यांना त्या आवडतात. पाठवलं तर काय बिघडतं?

पाटीपेन्सिल

अजिबात नको. ५०१(सी)(३) संस्थेला कुठल्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात काहीही करायला पूर्ण बंदी आहे. थोडं चालेल असं नाही. बाईंनी स्वतःच्या यादीवर, स्वतःच्या नावाने पाठवावं. सगळ्या उमेदवारांना समान वेळ देऊन प्रश्नोत्तरांची संध्याकाळ ठेवता येते, ती जरूर ठेवा. शाळेच्या इमारतीसाठी बाँडचं (कर्जरोख्यांचं) सार्वमत असेल तर तो वेगळा प्रकार, ते लॉबिइंग धरतात आणि मर्यादेत चालतं.

करवंद

बरं झालं विचारलं. त्यांना सांगितलं, थोड्या नाराज झाल्या, पण समजून घेतलं.

सोनटक्का

अपडेट द्यायला उशीर झाला, माफ करा. काम खूप होतं.

चारही शाळांचे राज्याचे कागद झाले, चार ईआयएन आले. दोघांची आयआरएसची पत्रं आली, दोन वाटेवर आहेत. ज्यांचा दर्जा गेला होता त्यांनी मुदतीत अर्ज केला. डिस्ट्रिक्टने इमारत वापरण्यासाठी विम्याचं प्रमाणपत्र मागितलं, त्यात शाळा मंडळाचं नाव घालून हवं होतं, त्यात तीन आठवडे गेले. हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे लिहिते आहे.

नऊही शाळांची मिळून प्रेसिडेंट्स कौन्सिल केली आहे. तिचं बँक खातं नाही. महिन्यातून एकदा नऊ अध्यक्ष आणि सुपरिंटेंडेंट (डिस्ट्रिक्टचे प्रमुख) भेटतात. नव्या खजिनदाराला जुनी खजिनदार शेजारी बसून शिकवते, मग ती कुठल्याही शाळेची असो.

भरतकाम, वाटणीचा ठराव मी मांडला. जमा १५,००० च्या वर गेली की वरच्यातला दहावा हिस्सा ज्या शाळांत नवी पीटीओ आहे त्यांना, पहिली तीन वर्षं. मतदान ४ विरुद्ध ५, हरलो. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. माझी जुनी शाळा विरोधात होती, ज्यांनी मला पहिल्या दिवशी हाताला धरून वर्गात नेलं होतं त्याच माझ्या मैत्रिणी. त्यांचं म्हणणं, आमच्या पालकांनी या शाळेसाठी म्हणून दिलेले पैसे आम्ही कसे वळवायचे? त्यात तथ्य आहे हे मला कळतं. पुढच्या वर्षी देणगीच्या फॉर्मवरच "माझ्या देणगीतला काही भाग डिस्ट्रिक्टच्या दुसऱ्या शाळेला" असा चौकोन ठेवायचं त्यांनी कबूल केलं. मी पुन्हा ठराव मांडणार आहे.

भरतकाम

चार मतं पहिल्याच वर्षी मिळाली! आमच्याकडे पहिल्या खेपेला दोन होती. चौकोनाची कल्पना छान आहे. त्या रकमेचा हिशेब मात्र वेगळा ठेवा, ती देणाऱ्याने ज्या कामासाठी दिली त्यालाच गेली पाहिजे.

घाटवाट

आजींचं काय झालं? आल्या का परत?

सोनटक्का

आल्या! जानेवारीत आल्या, फेब्रुवारीत सुनेला घेऊन आल्या. सून वेअरहाऊसमध्ये रात्रपाळी करते, शनिवारी सकाळी कामावरून थेट शाळेत. तिसरी ट्रस्टी कुणी होईना, कारण सगळ्यांना वाटायचं सही केली की काहीतरी जबाबदारी अंगावर येईल. आम्ही दुभाष्यासह प्रत्येक ओळ वाचून दाखवली. तिने दोनदा प्रश्न विचारले, दोन्ही पैशांबद्दल, दोन्ही नेमके. मग म्हणाली, मी करते. आता बँकेचं स्टेटमेंट दर महिन्याला पहिल्यांदा तीच उघडते.

पहिला चेक गेल्या आठवड्यात निघाला. किंडरगार्टनच्या चार वर्गांना प्रत्येकी १०० डॉलर. दोन सह्या, पावत्या जोडलेल्या.

पाटीपेन्सिल

अभिनंदन! त्या खर्चाच्या मंजुरीचा ठराव बैठकीच्या मिनिट्समध्ये आहे ना? आणि चारही शाळांच्या कॅलेंडरवर १५ नोव्हेंबर टाका.

सोनटक्का

ठराव आहे, तारीख टाकली आहे. आता एप्रिलच्या ट्रिकी ट्रेच्या लायसन्ससाठी क्लार्ककडे उद्या सकाळी जाते आहे. जाताना कमिशनच्या नोंदणीची मूळ प्रत न्यावी लागते की झेरॉक्स चालते?